पहिलटकरीण

जोतिबाच्या यात्रेचा गुलाल उंबऱ्याच्या फटीत अजून होता
आणि ऊन असं,
की हुपरीत दुपारी चांदीसुद्धा हातात धरवत नव्हती.
मी पैंजणाला घुंगरं जोडत बसतो,
डाग द्यायचा, फुंकर मारायची, मोजायचं.
नजर परड्यात.

अकरा तलंगा.
दिवाळीच्या पणत्या उचलल्या त्या आठवड्यात निघालेली पिल्लं,
आता तुरे लालबुंद,
पाठीवर हात टेकवला की आपसूक दबकून बसतात,
म्हणजे अंड्यावर आल्या.

ऊन मला ओळखता येतं.
चोच उघडी, गळ्याखाली थरथर,
पंख अंगापासून सुटलेले.
त्याला काय करायचं तेही माहीत:
पाण्यात गुळाचा खडा, मिठाची चिमूट,
खुराड्यावर ओली पोती,
दाणा उजाडायच्या आत नाहीतर दिवे लागल्यावर.
मधल्या वेळेत फक्त सावली वाढायची.

शनिवारी तांबडी लिंबाखाली उभी राहिली,
अगदी ताठ, कुणी पोतं उभं करून ठेवल्यासारखी.
शेपूट खाली. मागचा भाग वरखाली, वरखाली,
आमच्या जुन्या भात्यागत.
बाकीच्या दहाजणी धापा टाकत होत्या.
ही जोर लावत होती.
फरक दिसला मला. कळला नाही.

नणंदेच्या गावाला मागच्या साली मानमोडी येऊन गेलेली,
म्हणून आधी मान बघितली. सरळ.
खाली बघितलं. हिरवं नाही, रक्त नाही.
मग ऊनच, म्हटलं,
आणि तिचे पाय बुडवायला माठातलं गार पाणी घेऊन निघालो.

"थांब गं."
भिंतीपलीकडून हसीनाभाभी.
मुलाण्यांची सून, तीस वर्षं कोंबड्या हाताखालून गेलेल्या.
तांबडीला काखेत घेतलं,
पोटाखाली दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटले.
(चांदीचा कस बघताना सासरे असेच मिटायचे.)
"अंडं अडलंय. पहिलटकरीण हाय ही.
गार नको, कोमट आण."

चाळीसाच्या उन्हात कोमट पाणी!
चूल पेटवावी लागली नाही,
पत्र्यावरच्या टाकीचा नळ सोडला.
माझी पोरं ज्यात न्हाली त्या निळ्या टबात
तिला पोटापर्यंत बसवलं.
भाभीनं तिच्या डोळ्यांवर पदर टाकला, बोटाला खोबरेल घेतलं.
"दाबू नको हं. आत फुटलं की संपलं.
नुसतं धर."

नुसतं धरायचं.
माझ्या बोटांना हे कुणी शिकवलेलंच नाही.
इचलकरंजीच्या दवाखान्यात सगळ्या
जोर दे, जोर दे म्हणत होत्या,
हात कुणाचाच नव्हता.
आमच्याकडं बायका मी आलो, मी गेलो म्हणतात,
मीही तसंच बोलतो.
त्या रात्री मात्र मी अडले होते.

अर्धा तास गेला.
मजुरीचा हिशेब विचारायला कुणीतरी आलं, परत गेलं.
टबातलं पाणी निवत आलं तेवढ्यात
टप्प.

मऊ अंडं. कातड्यासारखं,
बोट लावलं तर खळगा पडला.
एका टोकाला रक्ताची बारीक रेघ.
"चुना कमी पडलाय अंगात," भाभी पदर झाडत म्हणाली,
"शिंपले कुटून घाल. दोन दिस डालग्याखाली येगळी ठेव,
रक्त दिसलं की बाकीच्या टोचत्यात.
आणि परत अडली तर दवाखान्यात ने, मला हाका मारत बसू नको."
अंडं तिनंच उकिरड्यात पुरलं.

रात्री ऐरणीवर शिंपले कुटले.
शेजारची कुत्री भुंकली, थोरला म्हणाला, आई, झोप की.

सकाळी शेठचा माणूस आला. दोन जोड कमी भरले.
का, म्हणाला.
मी डालग्याकडं बघितलं.
चोच उघडी होती तिची,
गळ्याखाली थरथर,
पंख सैल.
चला, म्हटलं,
आता नुसतं ऊन.