बुवा कुक

अठ्ठावीस दिवस रिगवर काढून
अल वकराच्या घरात शिरलो
तेव्हा बुटांना अजून डिझेलचा वास होता.
रेवू दहा महिन्यांची.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
मग मृणालच्या चेहऱ्याकडे,
हा माणूस चालेल का, असं विचारल्यासारखं.
मृणाल हसली.
तरी खालचा ओठ बाहेर आला
आणि मग भोकाड.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे.
आपलं कोण ते कळलं,
म्हणूनच परकं कळू लागलं.
ते चांगलं लक्षण घेऊन
मी गॅलरीत उभा राहिलो.
वरच्या एसीचं पाणी
खांद्यावर थेंब थेंब.

तिसऱ्या दिवशी पडद्याआड लपलो.
बुवा…
ती रांगायची थांबली.
कुक!
हसली नाही, फक्त श्वास सोडला.
पुन्हा लपलो, जरा जास्त वेळ.
पडद्याखाली माझी बोटं दिसत होती.
एक अंगठा तिनं
मुठीत धरून पाहिला.

आता धडपडली की
आधी माझा चेहरा वाचते,
रडायचं की नाही ते ठरवायला.
मी 'काही नाही झालं' असा चेहरा करतो.
एवढा अधिकार
कंपनीत मला कुणी दिलेला नाही.

सत्ताविसाव्या दिवशी बॅग काढली.
ती बॅगेतच जाऊन बसली.
माझा एक मोजा बाहेर टाकला,
आत घेतला,
परत बाहेर.
मग त्याच्यावर टॉवेल ओढून म्हणाली, बुवा.

कुक तिला अजून म्हणता येत नाही.