शिंगं

निहारच्या पडद्यावरचे लुटारू
रोज संध्याकाळी एक जहाज बुडवतात.
डोक्याला शिंगं, नाळेवर अजगर,
खाली पाण्यात लोखंडी सुळा;
तो शत्रूच्या पोटात गेला की दोनशे गुण.

मी सांगू लागतो,
अरे, उत्तरेतल्या खऱ्यांना शिंगं नव्हती.
बोट त्यांची हलकी, गुडघाभर पाण्यात शिरणारी,
फळीवर फळी, कौलांसारखी, खिळ्यांनी ठोकलेली.
तिने धडक मारली असती
तर तिचंच नाक फुटलं असतं.
लढायचं तर बोटीला बोट बांधायचे,
समुद्रात अंगण करायचे
आणि त्या अंगणात चालत जाऊन मरायचे.

"बोअर," म्हणाला निहार.
अंगण त्याने पाहिलेलं नाही.

शुक्रवारी त्याला रास अल खैमाच्या खाडीवर,
आमच्या यार्डात नेलं.
सत्तरीचा खमीस एक डोळा मिटून
फळीचा बाक बघत होता.
इथे फळी फळीवर चढत नाही, कडेला कड लागते;
त्याचा आजा ती काथ्याने शिवायचा.
"या किनाऱ्याला इंग्रज नकाशात
चाच्यांचा किनारा म्हणत,"
खमीस त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला,
तक्रार नाही,
हवामान सांगावं तसं.
मला देवगडकडची आमची गलबतं आठवली.
त्यांनाही त्याच शाईत तेच नाव.

निहार बराच वेळ गप्प.
मग त्याने विचारलं, "तुमच्या लोकांना होती शिंगं?"

खमीसने टोपी काढली, डोकं पुढे केलं.
पोराने हात फिरवला, नीट, दोन्ही बाजूंनी.
बोटांना भुसा लागला.