पाटीवर काय लिहायचं

बँकेच्या साहेबांनी विचारलं,
महिन्याला किती पेशंट धरू?
मी म्हणाले, पहिल्या वर्षी चाळीस,
मग साठ, मग नव्वद.
त्यांनी आकडे तक्त्यात भरले
आणि रेघ वर चढत गेली
द्राक्षाच्या वेलीसारखी, मांडवाकडे.
तेव्हा कुठे लक्षात आलं,
मी शहराच्या झोपमोडीवर कर्ज काढतेय.
नाशिक नीट झोपलं
तर माझा हप्ता चुकणार.

शरणपूर रोडला गाळा मिळाला, दुसरा मजला.
तळाला झेरॉक्स, त्यावर दातांचे डॉक्टर कोठुळे,
त्यांच्यावर मी.
चोपडाकाकांनी डिपॉझिट मोजून घेतलं,
मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"मॅडम, पाटीवर मन-बिन नको.
बिल्डिंगमध्ये फॅमिली राहतात."

म्हणून पाटीवर नुसतं नाव, डिग्रीची अक्षरं,
आणि वेळ : पाच ते नऊ. गुरुवार बंद.

पहिल्या महिन्यात आले अकरा जण.
त्यातले दोघे खरोखर दात दुखणारे,
एक मजला चुकलेले.
बोरस्तेबाईंनी टेबलाची काच इतक्यांदा पुसली
की तिच्यात पंखा दिसायला लागला, पात्यांसकट.
मी खुर्च्या हलवून पाहिल्या.
समोरासमोर नको, जरा तिरक्या.
घड्याळ त्यांच्या पाठीमागे, माझ्या डोळ्यांपुढे.

हे कुणी शिकवत नाही :
माणूस रडत असताना
वेळ संपल्याचं कसं सांगायचं,
आणि लगेच, त्याच तोंडाने,
"बाहेर आठशे रुपये द्या."
मला जमायचं नाही.
मी म्हणायचे, असू द्या, पुढच्या वेळी.
पुढच्या वेळी ते यायचेच नाहीत.
शेवटी बोरस्तेबाई म्हणाल्या,
"मॅडम, ज्याची उधारी राहते
तो रस्ता बदलून जातो.
आमच्या दिरांचं किराणा दुकान असंच बुडालं."
त्या दिवसापासून फी आधी.

मग अरिंगळे आले, नाशिकरोडहून,
नोटांच्या प्रेसमधून रिटायर.
बोलताना अंगठा तर्जनीवर फिरत राही,
एक गड्डी, पुन्हा एक गड्डी.
"एकतीस वर्षांत एक नोट कमी पडली नाही.
आता रात्री मोजतो, तर रोज एक कमी येते."
काय मोजता, हे मी तीन भेटी विचारलं नाही.
चौथ्या भेटीत त्यांनी मुलाचं नाव सांगितलं.

मार्चमध्ये सीए धामणे वही उलटीपालटी करतात.
"टिश्यू पेपर, चार हजार सातशे?
हे कुठल्या खात्यात टाकू?"
कच्चा माल, मी म्हणाले.
ते हसले.
मग पेन्सिल कानावर ठेवून
खिडकीबाहेर बघत बसले बराच वेळ.

आता जिन्यात एक रीत पडलीय.
वर येणारा गालावर हात धरून येतो.
ओळखीचं कुणी भेटलंच तर,
"दाढ ठणकतेय हो."
कोठुळे म्हणतात, तुझी गर्दी माझ्या नावावर जमा होते,
जाहिरातीचा अर्धा खर्च मी देऊ का?
खरं तर त्यांनी पूर्णच द्यायला हवा.
हप्ता अजून मी ओढूनताणून भरते.

परवा गुरुवारी हिशोबाला म्हणून
शटर अर्धं वर करून बसले होते.
चोपडाकाका वाकून आत आले. गालावर हात.
"दातांचे डॉक्टर नाहीत आज," म्हणाले.
ते खाली असतात, काका.
"माहितीय. बिल्डिंग माझी आहे."

मी तिरकी खुर्ची दाखवली.
ते बसले नाहीत, आधी पाकीट काढलं.
"भाड्यातून वळते करायचे का?"
नाही काका. भाडं भाड्याच्या जागी.
त्यांनी शंभराच्या आठ नोटा मोजल्या,
पुन्हा मोजल्या,
मग बसले.

पावतीपुस्तक उघडून मी विचारलं,
नाव काय टाकू?

ते फरशीकडे बघत राहिले.
त्यांच्याच फरशीकडे.