सहा-सात-आठ

प्रभादेवीच्या त्या ऑफिसात एसी इतका गार
की लडाखची सवय इथूनच लावतात बहुतेक.
मुलीने माहितीपत्रक माझ्याकडे सुलट वळवलं
आणि स्वतः उलटं वाचत नखाने ओळ दाखवली:
सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस.
"सोप्पं आहे ना मॅडम? सहा-सात-आठ."

सोपंच आहे.
पाणी खात्यात एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं?
कुठल्या विभागाला किती वाजता सोडायचं,
किती वाजता बंद.
माझ्या सहीवर अख्खं परळ तोंड धुवायचं.

फॉर्मवर रकाने. शाकाहारी, जैन, मांसाहारी.
खोली दोघींत, की एकटीला?
एकटीला अठरा हजार जादा.
एकटेपणाचा दर असा छापील
मी पहिल्यांदाच पाहिला;
घरी तो सुट्या पैशांत जातो, कळत नाही.

विचार करून सांगते म्हटलं,
आणि विचार करायला म्हणून
रविवारी आपल्याच गावात पर्यटक झाले.
फोर्टातली पायी फेरी, साडेतीनशे रुपये,
सकाळी साडेसात, हॉर्निमन सर्कलच्या फाटकाशी.

ओजस नावाचा पोरगा, हातात मिटलेली केशरी छत्री.
आम्ही बावीस.
तो म्हणाला, वर बघा. बावीस माना वर.
कमानीच्या मधोमध दगडी चेहरा, दाढीवाला,
कबूतराने एक डोळा बुजवलेला.
याच्या खालून मी किती वर्षं गेले,
मस्टर गाठायला, चपलेकडे बघत.
एकटीला हा जन्मात दिसला नसता.
जमेच्या बाजूला लिहिते, प्रामाणिकपणे.

पण मग एका बोळाच्या तोंडाशी
रबरी शिक्केवाला बसलेला, रविवार असून.
चिमट्याने अक्षरं लावत होता, उलटी, उजवीकडून.
"कुणाचा?" विचारलं.
"सोसायटीच्या सेक्रेटरीचा. दर वर्षी भांडतात,
दर वर्षी नवा. माझं बरं चाललंय."
म्हणाला, आता पेपर सरळ वाचायला त्रास होतो.
मी स्टूल ओढून बसले.
स्टूल कुणाचं होतं, देव जाणे.

फोन वाजला.
"प्रधान मॅडम, कुठे आहात? आम्ही थांबलोय."

थांबलोय. हा शब्द घरात कुणी उच्चारून
नऊ वर्षं झाली. बरं वाटलं. आणि लगेच लाज.
एकवीस माणसं उन्हात,
त्यात एक गुडघ्याला पट्टा बांधलेली.
धावत पोचले तर कुणी चकार शब्द काढला नाही.
त्यापेक्षा ओरडले असते तर चाललं असतं.
छत्री पुढे निघाली.
शैलजा कोरगावकर, सकाळीच ओळख झालेल्या,
टिश्यूत गुंडाळलेली खोबऱ्याची वडी देत म्हणाल्या,
"तुमची ठेवली होती."
आणि चार पावलांनी, हळूच:
"काय बघत होतात हो?"
सांगितलं.
"मग हाक नाही का मारायची?"

रात्री जेवणाच्या टेबलावर फॉर्म.
शेवटचा रकाना: काही विशेष गरज असल्यास.
लोक लिहीत असतील साखर वर्ज्य, खालचा मजला.
मी लिहिलं: रोज अर्धा तास, हरवायला.
खोडलं.
खाली बारीक अक्षरात परत लिहिलं.
खोलीचा रकाना कोराच आहे.
कोरगावकरांचा नंबर घेतलाय,
पण त्या घोरतात का, हे कसं विचारणार?

फॉर्मची मुदत बुधवारी संपते.
शिक्का मंगळवारी मिळेल;
हो, मीही एक टाकलाय करायला,
सेवेत हजारो फायलींवर मारला तोच,
एकच शब्द, तारखेला जागा सोडून:
पाहिले.