नायकाचं लहानपण

अकरा सिनेमांत मी नायकाचं लहानपण होतो.
पळत सुटायचो, रुळांकडे, ओढ्याकडे,
एकदा तर नुसताच धुळीत,
आणि पळता पळता पाय मोठे व्हायचे.
कॅमेरा पायांवरून वर चढायचा
तर वर दुसराच कुणी. मिशीवाला.
साखर पेठेतली पोरं अंधारातून ओरडायची,
"मल्लेशम, तू कुटं गेलास बे?"

पाटीवर नाव मास्टर चंदू.
नायनाला मराठी अक्षरं लागत नव्हती,
कुणीतरी वाचून दाखवलं तेव्हा
तेलुगूत अम्माला म्हणाला, आपला नाही हा.

आठव्या वर्षी, कोल्हापूर, रडायचा सीन.
ग्लिसरीन संपलेलं.
दिग्दर्शक गुडघ्यावर बसले,
खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले,
सोलापूरहून फोन आलाय,
तुझ्या आईचा हात मागात गेला.

आमच्या गल्लीत फोन नव्हता.
हे मला कट म्हटल्यावर आठवलं.

त्या शॉटला बक्षीस, पितळी मोर.
अम्मा तो चिंचेनं घासायची
दर दिवाळीला,
दोन्ही हातांनी.

मग आवाज फुटला आणि पत्रं थांबली.
चादरींच्या दुकानात घड्या घातल्या.
गिऱ्हाईक चादर सोडून तोंड बघायचं:
तूच तो ना? रडून दाखव की जरा.
मग क्लॅप धरला, छत्र्या धरल्या,
सातवा सहायक, तिसरा, दुसरा,
चाळिशीत पहिला सिनेमा. चालला तीन दिवस.
त्यानंतरचा टीव्हीवर लागतो, भर दुपारी,
सोलापूर झोपलेलं असताना.

नायना गेला तेव्हा स्मशानात
लाकडांकडं कुणी बघत नव्हतं,
सगळे माझ्याकडं.
मला येईना.
मागून कुणीतरी म्हणालं,
पैसे घेतल्याशिवाय रडत नसेल आता.

हा तिसरा. आमच्याच गल्लीत.
मागांच्या खडखडाटात शब्द धरता येत नाही,
म्हणून साउंडवाला इम्तियाज
लाइट जायची वाट बघत बसतो.
जगात कुठं असं शूटिंग होतं का, विचारतो.

मंगळवारी गेली.
गल्लीभर धोटे जागच्या जागी.
इतकं शांत की समोरच्या ओट्यावर
विडीचं पान कापणारी कात्री ऐकू आली.
उंबऱ्यात नागमणी, वय नऊ.
निर्माता कानाशी: सर, हिला काहीतरी सांगा.
घरचं काहीतरी.

मी गुडघ्यावर बसलो.
हात कुठं ठेवावा कळेना, खिशात घातला.
"खरं रडू का नुसतं?" तिनं विचारलं.
"रडू नको. काय काय ऐकू येतंय तेवढं ऐक."

ती ऐकत राहिली, मान तिरकी करून.
ओठ हलत होते, काहीतरी मोजत होती.
मी कट म्हणायचं विसरलो,
मग लाइटच आली,
एकदम सगळे माग, सगळी गल्ली,
इम्तियाजनं हेडफोन ओरबाडून काढला.

"काय मोजत होतीस?"
"नायनाचे आज किती मीटर जातील ते."

डोळ्यांत पाणी दिसलं नाही, निर्माता म्हणाला.
नाही दिसलं, मी म्हणालो,
आणि हाच ठेवायचा असं लिहून घ्यायला सांगितलं.

पुढच्या सीनला ती मोठी होते.
त्यासाठी पुण्याहून मुलगी येतीय, चांगली आहे,
चेहरासुद्धा थोडा जुळतो.
नागमणीनं तिचा फोटो बराच वेळ बघितला.
"मग मी कुठं जाते?"

स्क्रिप्टमध्ये ते नव्हतं.

"जेवायला," मी म्हणालो.
तिनं डबा उघडला, शेंगाचटणी,
कडक भाकरी मोडून अर्धी माझ्याकडं केली.
मागांच्या आवाजात
मोडल्याचं ऐकू आलं नाही.
दिसलं.