चाळीस शब्दांची पाटी

कंपूच्या पाण्याच्या टाकीमागे नळ टाकताना
एक तोफ निघाली. लांबी सात हात, अंगभर चिखल,
तोंडात बाभळीचं मूळ.
निगमच्या साहेबांनी मला बोलावलं:
तुम्ही मराठीच्या बाई, मोडी वाचता,
पाटी लिहून द्या. चाळीस शब्द. सोमवारपर्यंत.

राहतो त्या गावाचं नावच लष्कर.
छावणी उठायची राहून गेली, तिचं गाव झालं.
आणि कंपू म्हणजे कवायती पलटणींचा तळ.
पुण्याची बहीण फोनवर म्हणते,
'ऑफिसात नुसता कंपू करून बसतात मेल्या,'
तेव्हा मला दिसतात
तंबूंच्या सरळ रांगा, घोड्यांची लीद.

दाल बाजारात कुकर दुरुस्त करतात ते
बशीरमिया गोलंदाज,
त्यांना मी रिक्षाने घेऊन आले. वय ब्याऐंशी.
त्यांच्या घरातली मराठी माझ्या मराठीहून जुनी.
म्हशीला थोपटावं तसं त्यांनी तिला थोपटलं
आणि म्हणाले, हिला कान एकच.

कान म्हणजे बत्ती द्यायचं भोक.
त्यात रंजक भरायची.
'रंजक?' मला हसू आलं. माझ्या लेखी रंजक म्हणजे
रविवारची पुरवणी.
'चिमूटभर बारीक दारू, बाई. तिला ठिणगी लागली
की आतली मोठी दारू जागी होते.
आधी कान भरायचा, मग ती बोलते.
घराघरांत तेच चालतं.'

ठासणं त्यांनी माझ्या छत्रीने करून दाखवलं:
दारू, बोळा, गोळा,
गजाने ढकलायचं, पुन्हा ढकलायचं.
कमी ठासलं तर बार फुसका,
जास्त ठासलं
तर गोलंदाजाची बायको संध्याकाळी बांगड्या फोडते.
मी एकतीस वर्षं वर्गात ठासून सांगत आले.
कधी काही फुटलं नाही.

मग त्यांनी खिशातून शिट्टीचं भोक साफ करायची सुई काढली,
कानात घातली.
दोन बोटं आत गेली आणि अडली.
पुन्हा घातली. पुन्हा अडली.
'खिळवलीय,' ते म्हणाले
आणि बराच वेळ बोललेच नाहीत.

मोर्चा सोडून निघायची वेळ येते
(तेव्हाचा मोर्चा एका जागी बसून असे),
बैल मेलेले, गाडा आसापर्यंत रुतलेला,
तेव्हा गोलंदाज शेवटचं काम करतो ते हे.
कानात खिळा, वर हातोडा.
म्हणजे उद्या ती दुसऱ्याच्या हातून
आपल्यावर बोलणार नाही.
मला वर्तमानपत्रातल्या बातम्या आठवल्या:
वक्त्याने श्रोत्यांना दोन तास खिळवून ठेवले.

एवढ्यात माझा भाचा आला, नचिकेत,
सुट्टीत पुण्याहून आलेला, हातात टेनिसचा बॉल.
इथली पोरं गेंदबाज म्हणतात, ते याला पटत नाही.
'मी गोलंदाज आहे,' त्याने ऐटीत सांगितलं.
'मीसुद्धा,' बशीरमिया म्हणाले.
दोघांनी हात मिळवले,
एकाचा तळवा मातीचा, एकाचा ग्रीसचा.

पाटी मी सोमवारी दिली. अडतीस शब्द झाले होते.
साहेबांनी स्वतःचे सहा लावले:
प्राचीन तोप. कृपया ऊपर न बैठें.
माझे अडतीस माझ्याजवळच आहेत,
त्यांत एक नाही, तो लिहायला जमला नाही.

त्या संध्याकाळी
नचिकेतने तोफेचं तोंड हाच स्टंप धरला
आणि तीनदा चुकला.
'शिस्त धर, पोरा!' म्हातारा ओरडला.
पोरगा दचकला. बॉल खाली टाकून,
पाय जुळवून, हात मांड्यांना चिकटवून
शाळेत प्रार्थनेला राहतो तसा ताठ उभा राहिला.
बशीरमिया हसत हसत उठले,
त्याच्या मागे गेले,
त्याचा डावा डोळा आपल्या काळ्या तळव्याने झाकला
आणि उजवा
हळूच तोफेकडे वळवला.