पोच

क्वार्टर गेटजवळच्या चर्चचा हॉल. गुरुवार, दुपारचे तीन.
बाकं भिंतीला सारलेली, मधे सतरंजी,
सतरंजीवर औषधांचा ढीग.
मी चष्मा कपाळावर नेते, स्ट्रिप डोळ्यांशी धरते :
मुदत किती उरली?
वर्षाहून कमी असेल तर निळी बादली.
तिकडच्या बंदरात म्हणे पेट्या तीन-तीन महिने उन्हात बसतात.

अर्धवट वापरलेल्या स्ट्रिपा आपण घेत नाही,
दारावर तशी पाटी आहे.
तरी परवा कोथरूडहून एक गृहस्थ आले,
रिक्षा थांबवून ठेवलेली,
पिशवीत बायकोची सगळी औषधं.
सात गोळ्या काढलेल्या, आठवी तशीच.
"चालेल ना?"
मी म्हटलं, चालेल.
रिक्षा वळून गेली तरी ती बादलीत टाकवेना.
पर्समध्ये आहे अजून. का, ते विचारू नका.

शांतवन कसोटे पेट्यांना चिकटपट्टी मारतो,
ती ओढताना असा कर्रर्र आवाज होतो
की वरच्या झरोक्यातली कबुतरं उठतात.
पेटीवर जाड शाईने : मलावी. सलाईन. बालरोग.
मलावी केरळच्या खाली, अशी त्याची समजूत.
अरे, समुद्रापलीकडे, मी सांगितलं.
"म्हणजे खालीच की," तो म्हणाला.

नवे पाळक येतात, तरुण आहेत, घाईत असतात,
पेटीवर हात ठेवून डोळे मिटतात :
प्रभो, ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी…
सगळ्यांबरोबर मीही आमेन म्हणते,
अर्ध्या सेकंदाने उशिरा.

कारण मी त्या पेटीतून आले आहे.

जालन्याच्या पुढे मिशनचा दवाखाना, आई तिथे आया.
वर्षातून एकदा आगबोटीची पेटी यायची,
दुधाची भुकटी, जखमेच्या पट्ट्या, तळाशी कपडे.
मला आला कोट. लोकरीचा. मे महिन्यात.
कॉलरच्या आत लाल दोऱ्याने नाव : डोरीन.
पोरींनी वर्षभर मला डोरीनच केलं.
मग बाई फळ्यावर पत्र लिहायच्या, आम्ही उतरवायचो :
आपल्या प्रेमळ भेटीबद्दल आम्ही फार फार आभारी आहोत.
माझा 'भा' चुकला. खोडला. पुन्हा लिहिला.
कोट टोचतो, हे फळ्यावर नव्हतं.
त्या भुकटीवर आईच्या वॉर्डातली जुळी जगली,
तेही फळ्यावर नव्हतं.

आता पत्रं आम्हाला येतात.
रविवारी वाचून दाखवली, मी नंतर मागून घेतली.
सतरा मुलं, सतरा कागद,
एकच वाक्य सतरा वळणांचं.
एकावर मधलं अक्षर खोडून पुन्हा काढलेलं,
खोडताना कागद जरा फाटलाय.
त्या पोरीला मी ओळखते.

एस्तेरबाई उजगऱ्यांनी बाळांसाठी चाळीस टोप्या विणल्या,
मऊ, पिवळ्या, हात थरथरतो तरी एक टाका सुटलेला नाही.
आतून मात्र मंडळीचं नाव भरलंय, लाल दोऱ्यानेच.
काल रात्री ब्लेड घेऊन बसले.
बारा उसवल्या, मग डोळे चुरचुरायला लागले.
अठ्ठावीस बाळांच्या कपाळाला आमचं नाव लागणार,
त्याला माझा इलाज नाही.
एस्तेरबाईंना हे कळता कामा नये.

वहीत शेवटचा रकाना आहे : पोच.
तो भरून आल्याशिवाय पुढची पेटी निघत नाही, असा नियम.
नियम मीच केलाय, बारा वर्षांपूर्वी.

शेवटच्या पेटीत, गॉजच्या थराखाली,
एक चिठ्ठी सरकवली, माझ्या नर्सिंगच्या मोडक्या इंग्रजीत :
आभार नकोत.
काय कमी पडलं ते लिहा.
काय टोचलं ते लिहा.

"ताई, करू का बंद?"
शांतवन पट्टीचं टोक नखाने शोधतोय.
कर, म्हटलं.
कर्रर्र.